कुठे होतं ते दाखवा

आमच्या घरातल्या माणसाला सगळं गाव मिस्त्री म्हणतं, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. तोंडावर अर्थात 'अहो'. जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती करतात. मोडलेली खुर्ची, जळालेलं टेबल, उंदरांनी कुरतडलेलं कपाट, काहीही आणा. काम झालं की ते गिऱ्हाइकाला वस्तूसमोर उभं करतात, हाताची घडी घालतात आणि म्हणतात, "आता कुठे होतं ते दाखवा." गिऱ्हाईक वाकून बघतं, हात फिरवतं, चष्मा पुसून परत बघतं. कुणी दाखवलं तर सगळं काम पहिल्यापासून करून द्यायचं, हा त्यांचा शब्द. तीस वर्षांत एकदाही पहिल्यापासून करावं लागलं नाही.

मी वीजमंडळाच्या तक्रार केंद्रात फोन घेते. दिवसभर लोक माझ्या कानात ओरडतात आणि मी म्हणते, "तक्रार नोंदवली आहे, क्रमांक लिहून घ्या." लोकांच्या तक्रारी नोंदवून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही. स्वतःची नोंदवायला मात्र एकवीस वर्षं लागली, आणि तीही मी आपण होऊन नोंदवली नाही. गेल्या वर्षी ऑफिसात वाऱ्याने एक दार धाडकन आपटलं. मी भानावर आले तेव्हा टेबलाखाली होते, हेडफोन गळ्यात अडकलेला, आणि वर एक माणूस फोनवर "हॅलो, हॅलो, डीपी जळलाय" म्हणून कोकलत होता. साहेब भला माणूस. त्याने मला ऑफिसच्या डॉक्टरकडे पाठवलं, डॉक्टरने रक्तदाब बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि एका कागदावर समुपदेशक बाईंचा पत्ता लिहून दिला.

मॅडम म्हणावं तर वय माझ्या लेकीएवढं. खोली लहान, तीन खुर्च्या, एक घड्याळ, कागदी रुमालांचा डबा. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "दार उघडं ठेवू की लावून घेऊ?" एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, उघडं. तिने कचऱ्याचा डबा दाराला लावला आणि बाहेरच्या बाकावरच्या लोकांना खालच्या मजल्यावर बसायला सांगितलं. त्या डब्यासाठी मी तिच्याकडे पुढच्या गुरुवारीही गेले.

तिला जे सांगितलं ते असं. लेक तीन वर्षांची होती, त्या दिवशी शेजारी खेळायला गेलेली. रविवारची दुपार. मिस्त्रींनी एक जेवणाचं टेबल आठ दिवस लाखेचं पॉलिश मारून तयार केलं होतं, संध्याकाळी गिऱ्हाईक ते न्यायला येणार होतं. मी त्यावर पाण्याचा ओला पेला ठेवला. चुकून ठेवला, पाच मिनिटं ठेवला. उचलला तेव्हा खाली पांढरं वर्तुळ उमटलं होतं. मिस्त्रींनी ते बघितलं. मग त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले, आणि मागून बेडरूमचं दार आलं.

दार आलं, असंच मला आठवतं. त्यानंतर खाट, डोक्याला टॉवेल, उजव्या कानामागे पाच टाके. डॉक्टर कधी आला, कधी गेला, काही नाही. खाटेवरून मला बाहेरच्या खोलीत दोन स्टुलांवर आडवं ठेवलेलं दार दिसत होतं आणि मिस्त्री त्याच्यावर वाकलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाथरूममध्ये घसरून पडलीस. कालपासून ताप आहे तुला." दुसऱ्या दिवशी दार जागेवर होतं. मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले, हात फिरवला, नखाने खरवडून बघितलं. एक चीर नाही, एक डाग नाही. आता कुठे होतं ते दाखवा!

मी नाही दाखवू शकले. सासूबाईंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "तापात माणूस काय काय बघतं. आणि असलंच काही, तरी आपलेच दात आणि आपलेच ओठ." माझ्या आईला मी सांगितलंच नाही, तिला वाईट वाटेल म्हणून. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर मिस्त्रींनी मला कधी बोट लावलं नाही. दारू नाही, शिवी नाही, लेकीच्या शिक्षणाला कधी नाही म्हटलं नाही. शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मी हो म्हणायची. मग मलाच वाटायला लागलं की मी पडलेच असेन. पण बेडरूमचं दार मी कधी लावू दिलं नाही, त्याखाली कायम एक लाकडी ठोकळा. तो ठोकळाही मिस्त्रींनीच करून दिला, छान गुळगुळीत, दाराच्या रंगाचा. का हवाय म्हणून एकदाही विचारलं नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर मी मॅडमना विचारलं, "मला वेड लागलंय का?"

"नाही. तुमच्यावर माझा विश्वास आहे. त्यासाठी मला पुरावा नको."

"तुमचा आहे हो," मी म्हटलं. "माझाच नाहीये."

मला एकच गोष्ट हवी होती. जे झालं ते मिस्त्रींनी स्वतःच्या तोंडाने म्हणावं. माफी मागितली नाही तरी चालेल, रडलं नाही तरी चालेल. 'झालं' एवढंच म्हणावं. कारण ते झालं नसेल तर मी एकवीस वर्षं एका भल्या माणसाला मनातल्या मनात फासावर लटकवत होते. आणि झालं असेल तर ती सगळी वर्षं तो माणूस मला तोंडावर खोटं सांगत होता आणि मी त्याला चहा करून देत होते. कुठली तरी एक बाजू धरल्याशिवाय मला पुढे जगता येणार नव्हतं. मॅडम म्हणाल्या, त्यांना बोलवायची घाई नको, ते नाही म्हणाले तर तुम्हाला झेपेल का ते आधी बघू. आम्ही चार महिने बघितलं. मग मी मिस्त्रींना सांगितलं, गुरुवारी माझ्याबरोबर या.

आले की. स्वच्छ शर्ट घालून आले. पहिल्या दोन वेळा त्यांनी तेच सांगितलं, अगदी शांतपणे, माझी काळजी वाटल्यासारखं. "ती घसरली होती, मॅडम. फरशी ओली होती. मी उचललं तिला. ती म्हणते तसं मला तरी आठवत नाही." मॅडमनी विचारलं, मग दार का काढलं होतं? "जुनं दार. फुगलं होतं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मी तो खुर्चीत बसून, कागदी रुमाल हातात धरून खात होते. त्या दिवशी घरी आल्यावर मी कपाटातून जुन्या फायली काढून त्या टाक्यांचा कागद शोधला. सापडला. त्यावर डॉक्टरने लिहिलं होतं, घसरून पडल्याने. सांगणारे मिस्त्रीच होते, तो बिचारा दुसरं काय लिहिणार?

तिसऱ्या गुरुवारी मॅडमनी तो विषयच काढला नाही. त्यांना म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल सांगा. मिस्त्री खुलले. कामाबद्दल बोलताना ते वेगळेच दिसतात, अजूनही, आणि मला आवडतात, हेही सांगून टाकते. त्यांनी लाखेचं सांगितलं, सरस कसा कढवायचा ते सांगितलं, मग वस्तादांचं. वस्ताद म्हणजे ज्यांच्याकडे ते पंधराव्या वर्षी शिकायला राहिले ते म्हातारे कारागीर.

"वस्तादांचा एक नियम होता," मिस्त्री म्हणाले. "गिऱ्हाइकाला दुरुस्ती दिसता कामा नये, पण पुढच्या मिस्त्रीला कळली पाहिजे. म्हणून जिथे कुणाची नजर जात नाही अशा जागी पेन्सिलीने लिहायचं. तारीख, काय मोडलं, काय बदललं, कशामुळे मोडलं. आणि खरं लिहायचं. वाळवी लागली असेल तर वाळवी, पोराने उडी मारली असेल तर उडी. लाकडाशी खोटं बोलायचं नाही. वरून पॉलिशचा एक हात मारला की शंभर वर्षं पुसलं जात नाही."

"प्रत्येक वस्तूवर लिहिता?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या हाताखालून गेलेलं एक लाकूड तसं नाही," मिस्त्री अभिमानाने म्हणाले.

मला हा नियम माहीत होता. ड्रॉवरच्या पोटात, खुर्चीच्या बुडाखाली त्यांचं ते बारीक अक्षर मी शंभरदा बघितलंय. पण दार म्हणजे दार, ते सामानात धरायचं माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. आणि तेव्हाही आलं नसतं. मिस्त्री गप्प बसले असते तर मी त्याच दारातून आत-बाहेर करत मेले असते. पण चोराच्या मनात चांदणं. परत येताना, चालता चालता, इकडचं तिकडचं बोलावं तसं ते म्हणाले, "ते बेडरूमचं दार वरून घासतंय. रविवारी जरा रंधा मारून घेतो."

मी म्हटलं, "बरं."

दार घासत नव्हतं. ठोकळा लावून एकवीस वर्षं उघडं राहिलेलं दार, घासणार कुठे?

शुक्रवारी ते कारखान्यात गेल्यावर मी ऑफिसला फोन करून सुट्टी घेतली. स्वयंपाकघरातला उंच स्टूल आणला. मी रोज घर पुसते, पंख्याची पाती पुसते, पण दाराचा माथा कोण पुसतो? बोटभर धूळ होती. ओल्या फडक्याने पुसली. पुसताना मी देवाला काय मागत होते हे मला आज सांगता येणार नाही. तिथे काही नसावं, असंही वाटत होतं. काही नसतं तर मी खाली उतरले असते, स्टूल जागेवर ठेवला असता आणि संध्याकाळी त्यांच्या आवडीची भाजी केली असती.

अक्षर होतं. वर पॉलिश, त्यामुळे कालच लिहिल्यासारखं.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवसाची, सोमवारची तारीख. खाली: 'मधली फळी फुटली. नवी घातली. त्या जातीची मिळाली नाही, रंग जुळवून घेतला. कारण: डोकं. दोन वेळा.'

मी स्टुलावर उभ्याउभ्या ते किती वेळा वाचलं कोण जाणे. 'डोकं' वाचून मला रडू आलं, आणि ते चक्क आनंदाचं होतं. मी वेडी नव्हते! मी पडले नव्हते, फरशी ओली नव्हती, ताप नव्हता. मग 'दोन वेळा' माझ्या ध्यानात आलं. मला एकच आठवत होती. मागून दार आलं, एकदा. दुसरी वेळ माझ्याकडे नव्हतीच, ती सगळी त्यांच्याकडेच होती. मी मोबाइलवर तीन फोटो काढले. मग खाली उतरून फरशीवर बसले आणि दुपारपर्यंत तिथेच बसून होते.

शनिवार गेला. शनिवारी मी त्यांना डबा भरून दिला, हेही खरं आहे. रविवारी त्यांनी दार उतरवलं, स्टुलांवर आडवं ठेवलं, तस्संच जसं तेव्हा ठेवलं होतं, आणि माथ्यावर रंधा मारला. मी चहा घेऊन समोर बसले. त्यांनी एकदा वर बघितलं. मी म्हटलं, "नीट मारा, अर्धवट ठेवू नका." रंध्यातून पातळ सालपटं गुंडाळून खाली पडत होती. नंतर केर मीच काढला. एका सालपटावर 'फळी' एवढं शाबूत होतं. ते मी केरात टाकलं, मला आता त्याची गरज नव्हती.

तुम्ही म्हणाल तेव्हाच का नाही विचारलं? घरात विचारलं असतं तर घरात उत्तर मिळालं असतं, आणि घरातलं उत्तर काय असतं ते मला माहीत होतं. मला ते त्या खोलीत हवं होतं, जिथे दार कुणीतरी माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं.

गुरुवारी मॅडमनी सुरुवात करायच्या आतच मी विचारलं, "अहो, बेडरूमच्या दाराची मधली फळी कशामुळे फुटली होती?"

"फुगली होती," मिस्त्री म्हणाले. "किती वेळा सांगू?"

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि फोटो डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग हात मांडीवर आला. खालून रिक्षा गेली, तिचा आवाज पार लांब जाईपर्यंत ऐकू आला.

"अक्षर माझं आहे," मिस्त्री म्हणाले.

"कारणही तुमचं आहे ना?"

"हो."

"म्हणा."

त्यांनी मॅडमकडे बघितलं. तिथून काही मदत येईना, तेव्हा माझ्याकडे बघितलं. "मी तुझं डोकं दारावर आपटलं."

झालं. एकवीस वर्षं ज्या वाक्यासाठी मी झुरले ते एवढंसं होतं. मला वाटलं होतं आता छातीवरचा दगड उतरेल. उतरला, नाही असं नाही. पण त्याच्या खाली दुसरा होता.

"दोनदा का?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "पहिल्यांदा तू पडली नाहीस. उभीच राहिलीस. रडली पण नाहीस, नुसती माझ्याकडे बघत होतीस. मला ते बघणं सहन होईना." आणि पुढे म्हणाले, "दुसऱ्यांदा मी राग म्हणून नाही केलं गं. तू बघायची थांबावीस म्हणून केलं."

मॅडमनी त्यांना थांबायची खूण केली आणि मला विचारलं, मी ठीक आहे का, आज इथेच थांबायचं का. मी म्हटलं, एकच राहिलंय. मी खुर्ची फिरवली, त्यांच्याकडे पाठ केली, आणि केस सोडले.

"आता कुठे होतं ते दाखवा."

"अगं..."

"तुमचंच वाक्य आहे. दाखवा."

"त्यांनी हात लावलेला तुम्हाला चालेल?" मॅडमनी विचारलं. त्या अर्ध्या उठल्या होत्या. मी म्हटलं, आजच्या दिवस चालेल.

मिस्त्री उठून माझ्यामागे आले. त्यांच्या हाताला स्पिरिटचा वास येतो, कितीही धुतले तरी जात नाही. त्यांनी केस बाजूला केले आणि उजव्या कानामागे, बरोबर टाक्यांच्या व्रणावर, बोट ठेवलं. ते मला ठाऊक होतं. मग दुसरं बोट वर गेलं, टाळूच्या जरा मागे, आणि तिथल्या टेंगळावर टेकलं. चाचपलं नाही, शोधलं नाही, अंधारात माणूस आपल्या घरातलं बटण दाबतो तसं सरळ तिथे गेलं.

त्या टेंगळाला कंगवा अडतो. लेक शाळेत जायला लागली त्या सुमाराला मला ते पहिल्यांदा लागलं. मी आईला म्हटलं होतं, "तू मला लहानपणी पाळण्यातून पाडलं असणार, म्हणून मी अशी अर्धवट." घरात तो विनोदच होऊन बसला. सगळे जमले की मी टेंगूळ दाखवायची आणि आई रडकुंडीला येऊन म्हणायची, "नाही गं बाई, मी तुला कधी पाडलं नाही, कुणाची शपथ घेऊ?" मिस्त्री तिथेच बसलेले असायचे. सगळ्यांबरोबर हसायचे.

"रोज दिसतं मला," ते मागून म्हणाले. "तू केस विंचरतेस तेव्हा."

"हात काढा," मी म्हटलं.

त्यांनी काढला. मी केस बांधले. मॅडमना सांगितलं की पुढच्या गुरुवारी येईन, एकटी येईन, आणि त्यांना त्यांचं बोलायचं असेल तर त्यांनी त्यांचा वेगळा वार घ्यावा. मिस्त्रींना सांगितलं की मी लेकीकडे जातेय, किती दिवस ते माहीत नाही, माझ्या कपड्यांची बॅग ती येऊन नेईल. ते खुर्चीत खाली बघत बसले होते. मान हलवली. मला त्यांची दया आली, पण तेवढ्यासाठी मी थांबले नाही.

रस्त्यावर येऊन लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, काय झालं, तू रडतेयस का?" मी म्हटलं, "आजीची आठवण आली." आईला जाऊन सहा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात, कुणाला ओळखत नव्हती तेव्हासुद्धा, माझा हात डोक्याजवळ गेला की ती पुटपुटायची, मी नाही पाडलं गं तुला. आणि मी तिची समजूत घालत म्हणायची, असू दे आई, पाडलंस तर पाडलंस, मी कुठे रागावलेय.